हिरवी टिकली

टिकली बोटाला चिकटून बसली होती आणि सुटायला तयार नव्हती. हिरवी, गोल, बायकांनी कपाळाला लावायचीच... जिल्ह्यावरून आलेले रंगीत स्टिकर दुसऱ्याच महिन्यात संपले तेव्हा डॉक्टर राजदीप म्हणाले होते, सिस्टर, रंग महत्त्वाचा, टिकलीसुद्धा चालेल. आणि विमलने मारेगावच्या आठवडी बाजारातून लाल, पिवळी, हिरवी अशी पाकिटं आणली होती, नि तेव्हापासून आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातला तो गुणवत्तेचा फळा हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसायचा. लाल टिकल्या डावीकडे, जुन्या महिन्यांत. उजवीकडे हिरव्याच हिरव्या. फक्त या महिन्याच्या रकान्यात एक चौकोन उघडा होता — 'सन्मानपूर्वक वागणूक'. आज यवतमाळहून अर्पिता मॅडम येणार, वॉर्डातल्या शेवटच्या बाळंतिणीला विचारणार, इथं तुम्हाला कोणी मारलं का, आणि ती नाही म्हणाली की ही टिकली त्या चौकोनात बसणार. मग केंद्राला ते प्रमाणपत्र, ज्याच्यापायी सगळे वर्षभर फिनेलच्या वासात जगले होते.

वॉर्डातली शेवटची बाळंतीण म्हणजे दिपाली. आणि दिपालीच्या डाव्या गालावर विमलची बोटं उठली होती.

बोटं म्हणजे अगदी मोजता येतील अशी नाहीत. सकाळी तिला बाळाला पाजायला बसवताना विमलने पाहिलं — गालफडावर थोडी सूज, कानाकडे जाणारा तांबूस पट्टा, ज्याला माहीत आहे त्यालाच कळावा असा. मग सासूने बाळंतिणीचे कान बांधतात तसा रुमाल घट्ट बांधला, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली, नि तो पट्टा रुमालाखाली गेला. बरं झालं — असं विमलच्या मनात आलं, इतकं सहज आलं की तीच दचकली. कोणाचं बरं झालं? पोरीने सकाळपासून एकदाही गालाला हात लावला नव्हता. उलट विमल खाटेजवळ गेली की हसायची. ते हसणं विमलला सोसवत नव्हतं. रागाने बघ ना बाई माझ्याकडे, तोंड फिरव, सासूच्या कानात काही पुटपुट... म्हणजे मलाही तुझा राग राग करता येईल.

तिने टिकली अंगठ्याने खरवडली. ती तर्जनीवरून सुटली आणि अंगठ्याला चिकटली.

फळ्याचा तिला राग नव्हता. खरं तर केंद्रातल्या सगळ्यांत तोच तिला पटला होता, कारण न मोजता चालवलेलं काम कसं असतं ते तिने आधीच्या गावी डोळ्यांनी पाहिलं होतं — एक बाई टेबलावर पांढरी पडत चालली होती आणि सगळे म्हणत होते, रक्तस्राव अंदाजे कमी आहे, अंदाजे ठीक आहे, आणि कोणीतरी चादर उचलली तेव्हा गादीच्या खळग्यात थारोळं साचलेलं, काळंभोर, साय धरल्यासारखं, त्यात विमलचं मनगट बुडालं. त्या बाईचं नाव तिला आठवत नव्हतं. मनगटाला झालेला तो कोमटपणा आठवत होता. आता इथं रक्ताने भिजलेली कापडं तराजूत घालतात. आता हात धुतले की नाही हे लिहितात, बाळाला वेळेत छातीशी लावलं की नाही हे लिहितात, आणि खरंच बायका कमी मरतात — याला कोणी खोटं म्हणावं तर विमल त्याच्याशी भांडायला उठली असती. मोजलं म्हणून हात सुधारले. फक्त हा एक हात... तिने उजवा पंजा उघडून पाहिला. धुऊन धुऊन पांढरा पडलेला, कडेला सोलपटलेला. हा सगळ्यात जास्त धुतलेला हात.

'सन्मानपूर्वक वागणूक' ही ओळ नंतर आली. सुरुवातीला प्रश्न फार मोठा होता, अवमानकारक आणि शारीरिक इजा अशा शब्दांनी भरलेला, बायकांना एक अक्षर कळायचं नाही, म्हणून विचारायला येणाऱ्यांनी तो सोपा केला — ताई, इथं तुम्हाला त्रास झाला का? आणि आमच्याकडची एकूणएक बाई म्हणाली, हो व माय, लय तरास झाला. जीव जाते का राह्यते असा तरास झाला. बाळंतपणात आणखी काय होणार! पण तिकडे कागदावर 'त्रास: होय', 'त्रास: होय', 'त्रास: होय' असं चढत गेलं आणि महिनाअखेरीला यवतमाळच्या सभागृहात पडद्यावर त्यांचं केंद्र लालभडक उमटलं. बाकीच्या तालुक्यांचे लोक वळून बघायला लागले. मंचावरच्या साहेबांनी विचारलं, हे कुठलं? मारेगावकडचं? मग बरोबर आहे, नावातच 'मारे' आहे तुमच्या.

सभागृह हसलं. खुर्च्या करकरल्या, मागे कोणीतरी टाळी दिली, डॉक्टर राजदीपही ओठ दाबून हसले, आणि विमल उभी होती — तिला उभं केलं होतं — नि कानशिलातून गरम तेल उतरावं तसं काहीतरी मानेवरून खाली येत होतं. त्या क्षणी तिच्या हातात काही असतं तर... काय असतं तर? समोरची पाण्याची काचेची बाटली होती. ती त्या हसणाऱ्या दातांवर आपटून फुटताना तिने इतकी स्वच्छ पाहिली की नंतर बाटली जागेवर बघून तिला नवल वाटलं. तिने हात उचलला आणि शांतपणे सांगितलं, सर, तुमचा प्रश्न चुकला. आमच्या बायका कळांनाच त्रास म्हणतात. मग कसं विचारायचं तुम्हीच सांगा, साहेब म्हणाले. आणि ती म्हणाली — मी म्हणाले — सरळ विचारा ना. मारलं का, असं विचारा.

तिनेच तो शब्द दिला होता. तेव्हा कुणी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. आणि पुढच्या महिन्यापासून हीच गावं, ह्याच बायका, हाच हात — आणि सगळ्या जणी म्हणायला लागल्या, नाही. कोनी नाई मारलं. टिकल्या हिरव्या झाल्या. कधीकधी खोलीवर भाकरी थापताना तिला वाटायचं, त्या सभागृहात उभी असताना आपल्याला ठाऊक होतं का, की बायका ह्या शब्दाला नाहीच म्हणणार? चुकीच्या प्रश्नाने खरं बाहेर काढलं होतं आणि नीट केलेल्या प्रश्नाने... ती भाकरी उलटायची. ठाऊक नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची, आणि तव्यावर बोट भाजेपर्यंत तेच सांगत राहायची.

काल दुपारी काय झालं ते तिला पुन्हा बघायचं नव्हतं. पण अर्पिता मॅडमची गाडी अजून आली नव्हती, वॉर्डातून बाळाचा बारीक रडण्याचा आवाज येत होता, आणि काल दुपार काही केल्या जागची हलत नव्हती.

दिपाली टेबलावर होती, मांड्या एकमेकींना घट्ट लावून. पहिलटकरीण, भेदरलेली. बाळाचं डोकं लिंबाएवढं दिसायचं आणि तिने अंग आखडलं की आत जायचं. आया गरम पाण्याला गेलेली, डॉक्टर ओपीडीत. बाहेर सासू दार थोपटत होती — मले आत येऊ द्या न व बाई, एकटी भेते थे. नियमाने तिला आत घ्यायला हवं होतं, फळ्यावर त्याचीही ओळ आहे, पण सासवा आत आल्या की हे पाज, ते चोळ, मध्येच पोटावर हात देतात, म्हणून विमल कोणालाच आत घेत नाही. तिने कडी लावली. ती जाड लोखंडी कडी तळहाताने वर ठोकावी लागते तेव्हा बसते. नंतर 'सोबतीण होती' असंच लिहिलं जातं; दाराच्या कोणत्या बाजूला, ते कोणी विचारत नाही.

मग बाळाच्या हृदयाचे ठोके पडायला, मंद व्हायला लागले. कानात नळी घालून ऐकताना ते लांब लांब जात असल्यासारखे वाटले, आणि विमलच्या मनगटाला तोच जुना कोमटपणा जाणवला. तिने मांडीवर फाडकन हात मारला. उघड! पाय उघड! दिपालीने किंकाळी फोडली, कंबर वर उचलली, लाथ झाडली, ती विमलच्या पोटाला लागली — आता कायले बोंबलते? नवऱ्यापाशी गेली तवा नाई बोंबलली? — हे वाक्य तिच्या तोंडून आलं, तिच्या आधीच्या सगळ्या सिस्टरांच्या तोंडून आलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं — आणि हात गालावर पडला. आवाज फरशीवर काही पडल्यासारखा आला. दिपाली गप्प झाली. डोळे मोठे झाले. तिने खाली जोर दिला, आणि डोकं आलं, आणि आता फक्त धरायचं होतं, आता सगळं सोपं होतं...

आणि मग दुसरी थापड.

पहिली बाळासाठी होती. हे विमल कुठेही सांगू शकली असती, सभागृहात, साहेबांसमोर, देवासमोर. नाळेचा वेढा मानेला होता, बाळ निळं होतं, पाठ चोळून, नाकातोंडातलं काढून ते रडलं. उशीर झाला असता तर रडलं नसतं. कदाचित. थापड मारल्यामुळे वाचलं की थापड मारूनही वाचलं, हे कोणत्या तराजूत घालायचं ते तिला कळत नव्हतं, पण निदान ती त्यावर भांडू शकत होती. दुसरीवर नाही. दुसरीच्या वेळी डोकं बाहेर आलेलं होतं. पोरगी ओरडतही नव्हती. ती फक्त बघत होती, विमलकडे, त्या मोठ्या झालेल्या डोळ्यांनी, आणि हात अजून वरच होता, आणि वर असलेल्या हाताला खाली यायचं होतं. आला. आणि तो खाली आला तेव्हा — हे तिने अजून कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही पूर्ण वाक्यात सांगितलं नाही — खांद्यापासून बोटांपर्यंत बरं वाटलं. सबंध दिवसाचा शीण उतरल्यासारखं. मागच्या उन्हाळ्यात एका मेलेल्या बाळाच्या चुलत्याने तिला वेणीला धरून ह्याच व्हरांड्यातून ओढलं होतं, खिडकीची काच तिच्या डोक्याने फुटली होती. ती वेणी, ते हसणारं सभागृह, पोटात बसलेली लाथ, सगळं त्या एका पंज्यातून निघून ह्या पोरीच्या गालात गेलं. सिस्टरला कोणी मारलं का, ही ओळ फळ्यावर नाही. पण म्हणून काय...

तिच्या आईला, रुखमाबाईला, असंच बरं वाटत असेल का? ओल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या काडीचा फोक असायचा तिच्या हातात. शेतावरून यायची, शेजाऱ्यांना तमाशा नको म्हणून दार लावून घ्यायची, आणि मग पाठ, पोटऱ्या, जिथे लागेल तिथे. नंतर स्वतःच हळद-तेल लावायची, मांडीवर डोकं घेऊन. आता कळंबला धाकट्या भावाकडे असते, दात गेलेत, विमल जाते तेव्हा तिला मऊ भात भरवते. मागच्या खेपेला गमतीत म्हणून विचारलं, माय, किती मारत होती व तू मले. म्हातारी खरीखुरी चकित झाली. मी? मी कवा मारलं तुले? समजावलं असंन. तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. विमलने घास पुढे केला आणि तिच्या मनात आलं, हा चमचा घशापर्यंत घालावा.

गाडी आली तेव्हा ऊन व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं.

अर्पिता वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. ती बाळंतिणीच्या खाटेजवळ स्टूल ओढून खाली बसायची, म्हणजे तिचं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर राहू नये म्हणून. टॅब मांडीवर पालथा ठेवायची. आधी बाळाचं कौतुक करायची. दिपालीच्या सासूला तिने गोड बोलून चहाला पाठवलं. मग विमलकडे वळली.

"सिस्टर, तुम्हीही थोडं बाहेर... आणि दार लावून घेते हं, तिला मोकळं बोलता येईल."

दार लोटलं जात होतं तेव्हा विमलला फटीतून दिसलं. दिपालीचा हात बाळाच्या डोक्यावर गेला. पांघरल्यासारखा. खांदे वर आले, मान आत गेली, क्षणभर ती खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला सरकली. मग दार लागलं. विमलला वाटलं, बाळाला वारा लागेल म्हणून असेल.

ती शेजारच्या खोलीत गेली, जिथे अवजारं उकळतात. मधल्या भिंतीत वर जाळी होती. तिथे उभं राहायचं नव्हतं तिला. चिमटे मोजायचे होते. तिने चिमटे हातात घेतले. वाफेने चष्मा धुरकट झाला. सांग, ती मनात म्हणाली. सांग की सिस्टरने मारलं. दोन मारल्या, दुसरी उगाच मारली. आणि त्याच श्वासात — नको सांगू, माझे आई, पंधरा माणसांची मेहनत आहे, माझी बदली कुठल्या कुठे करतील, नको सांगू... दोन्ही एकदम, एकाच जोराने. चिमट्याचं टोक तिने दुसऱ्या हाताच्या बोटात कधी दाबलं ते तिला कळलं नाही.

"ताई, बाळंतपणाच्या वेळी इथं तुम्हाला कोणी मारलं का?"

"नाई."

"कोणी ओरडलं का तुमच्यावर?"

"मीच ओरडली व मॅडम." दोघी हसल्या.

संपलं. एवढंच होतं. भिंतीपलीकडे टॅबवर बोट टेकल्याचा आवाजही येत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टर राजदीपांनी सगळ्यांना फळ्यासमोर बोलावलं, पाकिटातून नवीन हिरवी टिकली काढून स्वतःच्या हाताने त्या चौकोनात लावली, अर्पिताने फोटो काढला, आया पदर सावरून पुढे उभी राहिली. सिस्टर, हसा की, हे सगळं तुमचं आहे, डॉक्टर म्हणाले. ती हसली. मग ते दोघं चहाला केबिनमध्ये गेले आणि विमल वॉर्डात गेली. कशाला गेली ते तिला माहीत नव्हतं. सलाईनची बाटली बघायची होती, असं तिने स्वतःला सांगितलं. दिपालीला सलाईन नव्हतं.

पोरगी बाळाच्या मुठी उघडून बघत होती. सासू अजून आली नव्हती. विमल खाटेच्या कडेला टेकली आणि एकदम बोलली.

"काहून नाई म्हनली तू?"

"काय?"

"त्या मॅडमनं विचारलं, कोनी मारलं का. मी तुले मारलं ना काल."

"कवा?"

ती नाटक करत नव्हती. विमलने रुखमाबाईच्या डोळ्यांत पाहिलं होतं तेच ह्या डोळ्यांत होतं, पण दुसऱ्या टोकाकडून. मारणारीला आठवत नाही, मार खाणारीलाही आठवत नाही... मग ही थापड राहते कुठे? फक्त माझ्या पंज्यात?

"गालावर. थापड मारली तुले. दोन खेपा."

"थे होय!" दिपाली हसली, आणि हसताना टाके ओढले म्हणून तोंड कसंनुसं केलं. "थे काय मारनं असते काय बाई? बाळासाठी केलं तुमी. माह्या मायनं बी असंच केलं असतं."

दुसरी बाळासाठी नव्हती. हे ओठांवर आलं. विमलने ते गिळलं, आणि त्याच्याऐवजी जे विचारलं ते तिचं तिलाच नवं होतं.

"मंग मारनं कायले म्हंते तू?"

दिपालीने नीट विचार केला. एखाद्या परक्या माणसाने रस्ता विचारावा आणि आपण चुकीचा सांगू नये, इतक्या काळजीने. बाळाची मूठ तिने परत मिटली.

"मारनं म्हंजे..." ती हळू म्हणाली, "पयले दार लावते तो. अंदरून कडी लावते. थ्या कडीचा आवाज आला का मंग समजून घ्याचं. मंग पट्टा असो, लाकूड असो, त्याचं काई नाई. कडी लागली का मानूस बदलते, बाई. बाहेरून कोनी किती बी वाजवो, उघडत नाई तो." मग तिने वर पाहिलं. सकाळचंच हसू. "तुमी थोडी कडी लावली होती?"

बाहेर चहाच्या कपबशा वाजल्या. कोणीतरी अभिनंदन म्हणालं. विमलच्या तळहाताच्या टाचेला, जिथे कडी ठोकताना लोखंड लागतं, तिथे गाठ आहे, वर्षानुवर्षांची. ती गाठ एकदम ठसठसायला लागली. सासूच्या हाताचे ठोके तिला ऐकू आले — मले आत येऊ द्या न व — आणि त्याच्यामागे दुसरं दार, लहानपणच्या घराचं, रुखमाबाईची पाठ दाराकडे, फोक... पोरगी वाट बघत होती. प्रश्न साधा होता. त्याला उत्तरं दोनच होती.

"नाई," विमल म्हणाली.

"मंग!" दिपाली म्हणाली, आणि बाळाला छातीशी घेतलं.

उद्या तिला घरी सोडायचं होतं. डॉक्टरांनी सकाळीच लिहिलं होतं, बाळ-बाळंतीण सुखरूप. ते खरं होतं, आणि उद्या ती त्याच कडीमागे जाणार होती हेही आता विमलला माहीत होतं, आणि माहीत असलेल्या माणसाने काहीतरी करायला हवं. डॉक्टरांना सांगायला हवं, सासूला बसवून विचारायला हवं, त्या नवऱ्याला इथं बोलावून... बोलावून काय? त्या नवऱ्याच्या थोबाडात मारावी, असं वाटलं तिला, फाडकन, भिंतीवर आदळेपर्यंत. हात शिवशिवला. आणि तोच हात बघून ती खाटेवरून उठली, कारण नवऱ्याला मारायला तिच्याकडे दुसरा हात नव्हता.

संडासात जाऊन तिने साबण लावून हात धुतले. शिकवलंय तसे, बोटांच्या बेचकीत, नखांच्या कडेला, मनगटापर्यंत. मोजणीत नेहमी पहिली येते ती ह्यात. टिकली पाण्यातही निघाली नाही. आता ती अंगठ्यावरून घसरून तळहातात गेली होती, गाठीजवळ. खरवडायला तिने नख लावलं आणि मग का कोण जाणे राहू दिली.

दुपारी ॲम्ब्युलन्स आली. नेरकडची सासुरवाशीण, माहेरी मारेगावला आलेली, कळा जोरात, बरोबर तिची आई, लुगड्याचा बोळा तोंडात धरलेली. सगळं नेहमीसारखं झालं. बाईला टेबलावर घेतलं, दाब पाहिला, ठोके ऐकले, ठोके चांगले होते. आया पाण्याला गेली. बाई ओरडायला लागली. आई उंबऱ्याशी आली.

"मी येऊ काय आत, बाई?"

विमल दाराशी गेली. काही ठरवून गेली नव्हती. पाय गेले, रोज जातात तसे. दार लोटलं गेलं, म्हातारीचा चेहरा बारीक होत होत फटीएवढा झाला, आणि हात कडीवर गेला. लोखंड थंड होतं. तळहाताची गाठ बरोबर आपल्या जागी टेकली, मध्ये ती टिकली, आणि खांद्यातून तेच जुनं, ओळखीचं, बरं वाटणारं काहीतरी खाली उतरायला लागलं... हे थांबव. थांबवता येतं का ते मला माहीत नाही. उघडं ठेवलं तर म्हातारी आत येईल, मध्ये मध्ये करेल, आणि माझा हात बघेल, प्रत्येक वेळी, वर जाताना बघेल. आणि कडी लावली नि ठोके पडले तर मी पुन्हा... आणि नाही पडले तरी?

मागे ओरडणं थांबलं होतं.

विमलने मान वळवली. कळ ओसरली नव्हती, बाईच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या होत्या. तरीही ती गप्प झाली होती, ओठ आत ओढून. ती विमलकडे बघत नव्हती. ती कडीकडे बघत होती, कडीवरच्या माझ्या हाताकडे, श्वास धरून, आवाज येतो का ते ऐकत होती. मीही.